अर्धी तार माझ्या घरात

बाई, तुम्ही गेल्याला आज चोवीस दिवस झाले आणि तुमची अर्धी तार अजून माझ्या घरात आहे. बैठकीच्या भिंतीतून निघते, देवघराच्या वरून जाते, पडद्याच्या दांडीला टेकत मागच्या गॅलरीपर्यंत पोचते आणि तिथे तुमच्या आईच्या पांढऱ्या बलियाला, दंडातल्या बांगडीला, बांधलेली आहे. काल जाळी काढताना माझा झाडू आपोआप तिच्याखाली थांबला. तारेला धक्का लागू द्यायचा नाही, ही सवय तुम्ही मला लावली. ती मोडायला सांगणारं आता कोणी नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्युटीवर एकाने मला विचारलं, "रेखाबाई, कोन वारलं?" मी "शेजारीन" म्हणाले, माईक चालू केला आणि पुसद गाडीचा फलाट सांगितला. दिग्रसच्या बसस्टँडवर बावीस वर्षं मी हेच करते. माझा आवाज जिनिंगच्या गेटापर्यंत जातो असं आमचे दिलीपराव म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. तुम्ही मात्र सगळं आयुष्य बोटाने बोललात. नोकरीत तारखात्यात, निवृत्तीनंतर रेडिओवर. तुम्हा दोघींचं जमलं कसं, असं दिलीपराव मला अजून विचारतात. मी सांगते, एकीनं बोलायचं आणि एकीनं ऐकायचं असलं की जमतं. पण ऐकणारी कोण होती हे त्यांना कधी नीट कळलं नाही.

तुम्ही आमच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलात तेव्हा तुमचे गुडघे गेले होते. तुमच्या पुतण्याने सांगितलं, दवाखाना जवळ आहे, लिफ्ट आहे, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्या. तुम्ही हट्टाने तिसरा घेतलात, माझ्या भिंतीला भिंत लावून. म्हातारीला हवा लागत असेल असं मला वाटलं. तुम्हाला उंची पाहिजे होती. तांड्यातल्या घरी दोन कडुनिंबांच्या मधे तुमची वीस मीटरची तार ताणलेली होती, आणि त्या तारेवरून रोज सकाळी तुम्ही देशभरच्या हॅम रेडिओवाल्यांशी मोर्सच्या खुणांत कट्ट-कडकट्ट करून बोलत होतात. त्यासाठी परीक्षा दिली होती, सरकारी परवाना मिळवला होता. तो तुम्ही इथे आल्या आल्या बैठकीत लावलात, सेवालाल महाराजांच्या फोटोच्या बाजूला, त्याच उंचीवर.

मग तुम्ही माझ्याकडे अर्ज घेऊन आलात. रेघांच्या कागदावर, समास सोडून, शाईच्या पेनाने. गच्चीवर एक बारीक तांब्याची तार बांधायची परवानगी मिळावी. भोक पाडणार नाही, पाण्याच्या टाकीला आणि जिन्याच्या खोलीला दोरीने बांधीन, कोणाला दिसणारही नाही. मी अपार्टमेंटची सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे ज्याला नाही म्हणता आलं नाही तो. पण एकदा खुर्ची मिळाली की नाही म्हणायला माणूस लवकर शिकतो. गच्चीवर आणि बाहेरच्या भिंतीवर काहीही बांधू, ठोकू, लटकवू नये, ही नोटीस माझ्याच अक्षरातली होती. त्याच्या आदल्या पावसाळ्यात डिशवाल्यांनी कठड्याला भोकं पाडली होती आणि ते पाणी थेट आमच्या पलंगावर उतरलं होतं. चार रात्री मी आणि दिलीपराव स्वयंपाकघरात झोपलो. तेव्हापासून गच्चीवर कोणी चपला घालून गेलं तरी माझं डोकं सणकायचं.

आता जे सांगते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सभेत मी तुमचा अर्ज वाचला. आपले अध्यक्ष वानखडेसाहेब कापसाच्या भावाबद्दल कोणाशी तरी बोलत होते. ते थांबून म्हणाले, "एका तारेनं का होते? टाकू द्या म्हातारीले." बाकीच्यांनी माना हलवल्या. झालं होतं बाई, तुमचं काम झालं होतं. तेवढ्यात मी बोलले. "एकीले हो म्हटलं त उद्या बारा तारा येतील. मंग गच्ची गळली का पानी कोनाच्या पलंगावर पडते? माह्या." वानखडेसाहेबांनी हात वर केले आणि म्हणाले, "बाई म्हनते तसं." अर्ज नामंजूर. मी तुमच्या दारात येऊन सांगितलं, "बाई, मीटिंगमदी नाई झालं." कोणामुळे नाही झालं ते गिळलं. तुम्ही कागद परत घेतलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "नियम हाय त हाय. तू कायले हिरमुसली?" मला वाटलं, प्रकरण मिटलं.

दोन महिन्यांनी माझी बेल वाजायला लागली. चिमणीच्या आवाजाची बेल होती ती. सकाळी सव्वासातला चिव, चिवऽऽ, चिव. दार उघडावं तर कोणी नाही. मी दूधवाल्याला झापलं, पेपरवाल्याला झापलं, खालच्या मजल्यावरच्या पोरांच्या आयांना बोलावून दम दिला. चार दिवसांनी मी दार उघडं ठेवून बेलसमोर स्टूल टाकून बसले. कोणी बटण दाबत नव्हतं आणि चिमणी ओरडत होती, कधी तोकडं, कधी लांब. हा ठेका आपण ऐकलाय असं वाटलं, भिंतीपलीकडून येणाऱ्या तुमच्या कट्ट-कडकट्टचा. मग तुमचं दार वाजवलं. तुम्ही उघडलंत तर गळ्यात हेडफोन.

"बाई, तुमी माही बेल वाजवून राह्यल्या?"

तुम्ही पहिल्यांदा दचकलात आणि मग इतक्या हसलात की दाराला धरावं लागलं. मी आत आले आणि मान वर करून बघितलं. तुमच्या बैठकीत छताखालून चारही भिंतींवर बंजारा भरतकामाची पट्टी फिरवलेली होती, आरसे, कवड्या, लाल-पिवळी टीप. येणारा जाणारा त्या पट्टीचं कौतुक करायचा. वानखडेसाहेबांनी तर सुनेसाठी अशी कुठे मिळते म्हणून विचारलं होतं. तुम्ही स्टुलावर चढायला मला सांगितलंत आणि पट्टीची कड उलटी करायला लावलीत. अस्तराच्या आत, टाक्यांखाली, तांब्याची तार. तुम्ही बोट दाबलंत की तिची लहर माझ्या बेलच्या वायरीत शिरायची. सगळी पट्टी तुम्ही त्या दोन महिन्यांत बसून शिवली होती.

मी सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "हे चालनार नाई. नोटीस वाचली नाई का तुमी?"

"वाचली ना. गच्चीवर अन् बाहेरच्या भिंतीवर, असं लिवलं हाय तू. घरात नको, असं कुठी लिवलं?"

"तुमी नियम वाकवला."

"वाकवला नाई. पुरा वाचला."

हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. अधूनमधून आपण तो काढायचो, भाजी निवडताना, लिफ्टची वाट बघताना. मी अजून म्हणते तुम्ही वाकवला. आणि हेही म्हणते की मी लिहिलेली नोटीस इतकी लक्ष देऊन दुसऱ्या कोणी वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या बेलच्या वायरीवर एक काळं कडं बसवून दिलंत आणि चिमणी गप्प झाली. मी कोणाला काही बोलले नाही. तेव्हा मला वाटलं, मी तुमच्यावर मोठे उपकार केले.

नंतर मी रोज यायला लागले. माझी ड्युटी बहुतेक दुपारची, त्यामुळे सकाळी आठ वाजता दूध घेऊन मी तुमच्याकडे यायची. तुमच्या शाळेच्या वहीत तुम्ही काय काय लिहिलेलं असायचं. आज तार या कोपऱ्यातून अशी वळवली, आज उत्तरेची भिंत सोडली, आज पट्टी एक वीत खाली. प्रत्येक मांडणीपुढे कोणाला ऐकू गेलं आणि कोणाला नाही. चाळीसच्या वर मांडण्या झाल्या असतील. गुडघे दुखायचे म्हणून स्टुलावर मी चढायची आणि तुम्ही खालून काठीने दाखवायचात. मी म्हणायची, बाई, ऐकू येते ना सगळं, मग कायले एवढी खटपट? तुम्ही एवढंच म्हणायचात, "येते बरंच, जात नाई." सिमेंटातल्या सळ्या आवाज खातात, तुमच्या यंत्राची ताकद लहानशा दिव्याएवढी, आणि वीस मीटरची तार चार भिंतींत दुमडलेली. तुम्हाला सगळा देश ऐकू येत होता. तुम्ही हाक मारत होतात ती मात्र यवतमाळच्या पलीकडे कोणाला लागत नव्हती. हे मला समजलं होतं, पण गॅस संपलाय हे समजावं तितकंच.

तुमचं मोठेपण मला कळायला लागलं ते तारखात्याच्या गोष्टींमधून. तुम्ही तांड्यातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. तार ऑफिसात लागलात तेव्हा साहेब म्हणाला, बाईमाणसाला मयताच्या तारा सोसणार नाहीत. तुम्ही पंचवीस वर्षं त्या तारा कानाने उतरवून घेतल्या. गावात कोण गेलं हे घरच्यांच्या आधी तुम्हाला कळायचं. आणि तुम्ही एक पद्धत पाडली होती, जी कुठल्या नियमात नव्हती. मयताची तार घेऊन जाणाऱ्या शिपायाला तुम्ही सांगायचात, "दारात गेल्याबरोबर तार देऊ नको. आधी पानी माग. पानी आनेपर्यंत घरातले चार जन गोळा होतात. मानूस एकटा राह्यत नाई. मंग दे." शिपाई म्हणायचे, बाई, तहान नसली तर? तुम्ही म्हणायचात, तरी पी. एक जुना शिपाई तुमच्या मातीला आला होता. त्याने मला सांगितलं की त्या पद्धतीपायी दिग्रसमधल्या निम्म्या घरांचं पाणी तो प्यायला होता, आणि बाईंनी त्याला एकदाही चुकू दिलं नाही.

तिसरं वर्ष सरताना, दिवाळीच्या आधी, मी एकदा लवकर आले. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तुम्ही मला गप्प बसायची खूण केली, हेडफोन काढून माझ्या कानाला लावला आणि म्हणालात, "ऐक, आता माहं नाव घेते." खरखरीतून बारीक शिट्टी आली, तोकडी-लांब, तोकडी-लांब. मला चार अक्षरं येत होती फक्त. तुम्ही कागदावर लिहून दाखवलंत, तुमचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव. मग शिट्टी थांबली. नुसती खरखर. तुम्ही यंत्राच्या किल्लीवर, त्या कट्ट-कडकट्ट करणाऱ्या बटणावर, बोट ठेवून उत्तर दिलंत, पुन्हा दिलंत, पुन्हा. घड्याळाचा काटा एक फेरा फिरला. मग ती शिट्टी परत आली, दोनच इंग्रजी शब्द. तुम्ही सांगितलंत, "काही नाई. उद्या. असं म्हनते."

"कोन?"

"मणीसाहेब."

तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत. तामिळनाडूतले निवृत्त स्टेशनमास्तर. तांड्यातल्या घरून अकरा वर्षं रोज सकाळी तुमची त्यांच्याशी भेट व्हायची. एकमेकांना कधी पाहिलं नाही. मी म्हणाले, फोन करा ना मग. तुम्ही म्हणालात, त्यांना मराठी येत नाही, मले तमिळ येत नाही, इंग्रजी दोघांचीही कामापुरती. किल्लीवर मात्र दोघेही शहाणे. आणि फोनवर बोलणं म्हणजे बाहेरून डबा मागवणं, पोट भरते पण स्वयंपाक केल्यावानी नाही. इथे आल्यावर तुम्ही त्यांना पत्र टाकलं होतं की घर बदललं, मी तुम्हाला ऐकते, माझा आवाज पोचत नाही. त्या दिवसापासून ते रोज सगळ्यांचं बोलणं आटपलं की तुमचं नाव घ्यायचे आणि एक मिनिट थांबायचे. कदाचित आज ऐकू येईल म्हणून. रोज. तीन वर्षं.

मी हेडफोन खाली ठेवला. मला सभेतलं माझं वाक्य आठवलं. बाई, त्या क्षणी मला लाज वाटली, सरळ सांगते, इतकी की तुमच्याकडे बघवेना. सांगायला पाहिजे होतं तेव्हाच. त्याऐवजी मी म्हणाले, "तार सरळ पाह्यजे ना तुमाले? वीस मीटर? तुमचं घर दहा हाय अन् माहं दहा. मधात एक भिंत."

तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. तुम्हाला वाटलं मी मोठ्या मनाची आहे.

दिलीपराव जिनिंगमध्ये फिटर, भिंतीला भोक पाडणं त्यांच्या डाव्या हाताचं काम. तुमचं यंत्र भिंतीजवळ आलं, अर्धी तार तुमच्या मागच्या गॅलरीपर्यंत, अर्धी माझ्या. टोकांना बांधायला वीज न धरणारं काही तरी पाहिजे होतं. तुम्ही ट्रंकेतून आईच्या बलिया काढल्या, त्या दंडात घालायच्या रुंद पांढऱ्या बांगड्या. मी म्हणाले, बाई, हे काहून? तुम्ही म्हणालात, "याडी मेली त्याले तीस वर्षं झाली. ट्रंकेत राहून ते का करनार? इथी कामाला येते." तुमच्या भाषेत आईला याडी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. एक बलिया तुमच्या गॅलरीत, एक माझ्या.

आणि तरी पाच दिवस काही झालं नाही. तुम्ही वहीत पाचही दिवस लिहिलंत, नाही, नाही, नाही. तुमच्या यंत्राचा काटा सात वाजता चांगला असायचा आणि सव्वासातला लोळायचा. तुम्ही शांत होतात, मी चिडले होते, तुमच्यावर, तारेवर, मणीसाहेबांवर, ज्यांनी माझं काही केलं नव्हतं त्या सगळ्यांवर. सहाव्या दिवशी तुम्ही काठी टेकत माझ्या गॅलरीत आलात. तारेच्या टोकावर दिलीपरावांचा ओला टॉवेल. ते सात वाजता आंघोळ करतात, वीस वर्षांत चुकलेली नाही, आणि नवी दोरी दिसली म्हणून टॉवेल तिथे टाकत होते. वर त्यांची तक्रार, "ही दोरी चावते बाप्पा. मुंगीवानी." तुम्ही तिथेच खुर्चीवर बसून हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दिलीपराव कंबरेला पंचा लावून उभे, त्यांना कळेना. "टॉवेल कुठी टाकू मंग मी?" एवढंच ते विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला मणीसाहेबांनी तुमचं नाव घेतलं आणि थांबले. तुम्ही उत्तर दिलंत. खरखर. मग शिट्टी आली ती इतकी भराभर की मला एक अक्षर लागलं नाही. तुमचाही हात पेन्सिलीवर थांबला होता. मी विचारलं, काय म्हणाले? तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मग म्हणालात, "मानसानं पाठवताना एवढ्या चुका करू नये. स्टेशनमास्तर होते म्हने." आणि पदराने चष्मा पुसलात.

त्यानंतर चौदा महिने. एकही सकाळ तुम्ही सोडली नाही. त्या चौदा महिन्यांत आपला दुसरा वाद सुरू झाला आणि तोही अर्धवट राहिला. तुम्ही म्हणायचात, "मीटिंगमदी एकदा विचारून घे ना रेखा. लपून कायले? आपन चोरी नाई करून राह्यलो." गंमत बघा, पट्टीत तार शिवणाऱ्या तुम्ही उघड करा म्हणत होतात आणि नोटीस लिहिणारी मी झाकून ठेवा म्हणत होते. मी सांगायची, वानखडेसाहेब खवळतील. एकदा तर मी म्हणाले, त्यांनीच पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. तुम्ही शेंगा सोलत होतात. हात थांबवून म्हणालात, "तो बिचारा कोनाले नाई म्हनत नाई," आणि पुन्हा सोलायला लागलात. तुम्हाला माहीत होतं का बाई? लिफ्टमध्ये त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का? की तुम्ही सहज बोललात? तुम्हाला माहीत असूनही जर तुम्ही माझ्या घरातून तार नेलीत, माझ्या हातची भाजी खाल्लीत, तर मग मी तुमच्याबद्दल जे काही चांगलं लिहिते आहे ते कमीच आहे.

परवा मी वानखडेसाहेबांना सगळं सांगितलं. तार, भिंत, सभेतलं माझं बोलणं. ते म्हणाले, "असं झाल्तं का? मले त आठवत बी नाई. सांगाचं ना, गच्चीवर टाकून देली असती." मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर आले.

तुमच्या किल्लीला तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत. ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. मी म्हणायची, दोन अक्षरं पाठवते, कोणाला कळतंय? तुम्ही माझा हात काठीने बाजूला करायचात. "परीक्षा दे. मंग रातदिवस वाजव." अक्षरं मात्र शिकवलीत, वाटीवर चमचा वाजवून. मला वीस-बावीस येतात आता, तीही सावकाश आली तर.

तुम्ही गेल्यावर मणीसाहेबांना कळवायचं काम माझ्यावर आलं. पुतण्याने फ्लॅटची चावी माझ्याकडे दिली होती, पण सव्वासातला तुमच्या खोलीत जाऊन बसायची माझी हिंमत झाली नाही. तिकडे तो माणूस रोज नाव घेऊन थांबत असेल हे माहीत असूनही झाली नाही. मी पत्र लिहिलं. माझं इंग्रजी एसटीच्या फॉर्मापुरतं, तरी लिहिलं. पहिलं पान नुसतं माझ्याबद्दल, मी कोण, तार कशी दोन घरांत आहे, टॉवेलचं काय झालं. पानाच्या शेवटी लिहिलं की आता कोणाला तरी पाणी आणायला सांगा, ते माणूस जवळ बसलं की मग पान उलटा. तुमच्या शिपायासारखं दारात जाऊन पाणी मागणं मला शक्य नव्हतं. मागच्या बाजूला चार ओळी. शेवटी हेही लिहिलं की मला परवाना नाही, मी ऐकू शकते, उत्तर देऊ शकत नाही, आणि या या तारखेपासून मी सव्वासातला तुमच्या जागी बसेन.

ती तारीख आजची.

मी कुलूप उघडलं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे बॅटरी जोडली, हेडफोन लावला. सगळ्यांचं बोलणं झालं, माझ्या हाती त्यातलं काही लागलं नाही. मग शिट्टी आली, इतकी सावकाश की एकेक अक्षर खाली ठेवून दुसरं घ्यावं. मी तुमच्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहीत गेले. आर. ई. के. एच. ए. बाई, माझं नाव होतं ते. त्यांनी पुन्हा एकदा पाठवलं, आणि थांबले.

मी उत्तर देऊ शकत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी थांबले. घड्याळ समोर होतं. किल्ली हाताशी होती आणि मी तिला हात लावला नाही. मी मोठ्याने म्हणाले, "हाय, मी हाय इथी." अख्ख्या बसस्टँडला ऐकू जाणारा माझा आवाज त्या खोलीच्या बाहेर गेला नाही. पूर्ण एक मिनिट. मग तेच दोन शब्द आले. काही नाही. उद्या.

एका मिनिटात माझा जीव कासावीस झाला. तुम्ही हे तीन वर्षं रोज सोसलंत, माझ्या एका वाक्यापायी. आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी आठ वाजता मी दूध घेऊन आले की दार उघडून तुम्ही आधी मलाच विचारायचात, "झोप झाली का गं बाप्पा तुही?"